औषध आहे, वाट हवी
(महोत्सवाच्या व्याख्यानमालेंत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं गेल्या वर्षांचा हिशेब मांडण्याची चाल आपल्यांत जुनी आहे. देवमंदिर कसें उभें राहिलें, शाळा कशी वाढली, कोणीं किती झीज सोसली, हें सर्व आमच्या आधींच्या वक्त्यांनीं सांगितलेंच आहे. आम्हांस मात्र आज अशा माणसांविषयीं बोलावयाचें आहे, कीं ज्यांचें नांव कोणत्याही हिशेबांत सहसा येत नाहीं. अंमली औषधें सुईनें टोंचून घेणारीं माणसें, आणि त्यांपैकीं ज्यांस एच.आय.व्ही.ची बाधा झाली आहे तीं, हा आमच्या भाषणाचा विषय होय. उत्सवाच्या दिवशीं तो कडू वाटेल हें आम्ही जाणतों. परंतु ज्या घरांत हें दुःख आहे, त्या घरास उत्सवाचा दिवसही कडूच जातो. आणि तीं घरें आपल्या धर्मग्रामाबाहेर आहेत असें कोणीं छातीठोकपणें म्हणूं नये.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. या दुखण्यावर औषध आहे. तें सरकारी केंद्रांत फुकट मिळतें. असें असतां, ज्यांस तें अत्यंत निकडीचें आहे त्यांच्यापर्यंतच तें फार कष्टानें पोहोंचतें. उणीव औषधाची नाहीं, वाटेची आहे. ती वाट कोठें अडते आणि ती मोकळी कशी करतां येईल, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम दुखण्याची चाल समजून घेऊं. वापरलेल्या सिरिंजच्या पोकळींत रक्ताचा अंश मागें राहतो. तीच सिरिंज दुसऱ्यानें घेतली म्हणजे तो अंश सरळ त्याच्या शिरेंत जातो. एक सुई चार जणांत फिरली, तर चार घरें एका दोऱ्यांत ओंवलीं गेलीं असें समजावें. याचें अत्यंत कठोर उदाहरण आपल्याच देशांत, मणिपुरांत घडलें. मणिपुराची पूर्व सीमा म्यानमारला लागून आहे. मोरे या सीमेवरील गांवाकडून इंफाळास येणाऱ्या रस्त्यानें, तेथें 'नंबर फोर' या नांवानें ओळखलें जाणारें हेरॉइन १९८० नंतरच्या दशकांत तरुणांच्या हातीं पडूं लागलें. हेरॉइन मिळे, पण स्वच्छ सुई मिळणें कठीण. ती जवळ सांपडली तर पोलिसांचें भय. म्हणून एकच सुई अनेकांत फिरे. १९८९ च्या सप्टेंबरपर्यंत अशा तरुणांच्या तपासलेल्या रक्तांत या विषाणूचा मागमूस नव्हता. त्यानंतर सहा महिन्यांच्या आंत तपासलेल्यांपैकीं निम्मे बाधित निघाले. वणवा जसा वाळलेल्या गवतांतून जावा, तसा हा रोग गेला.

त्या वेळीं समाजानें काय केलें? जें घाबरलेला समाज नेहमीं करतो तेंच केलें. कित्येक तरुण तुरुंगांत गेले. कित्येकांस त्यांच्या आईबापांनींच, दुसरा उपाय सुचेना म्हणून, पोलिसांच्या स्वाधीन केलें. कांहींच्या पायांत सशस्त्र टोळ्यांनीं गोळ्या घातल्या. परंतु शिक्षेनें रोग थांबला नाहीं. तो दाराआड गेला, आणि दाराआड बायका होत्या. टोंचून घेणाऱ्या बाधित पुरुषांच्या पत्नींची मणिपुरांत तपासणी झाली, तिचा वृत्तांत २००० सालीं प्रसिद्ध झाला. त्या स्त्रिया स्वतः टोंचून घेणाऱ्या नव्हत्या. तरी त्यांपैकीं शेंकडा ४५ बाधित आढळल्या. 'ज्यानें केलें तो भोगील' असें जे म्हणतात, त्यांनीं हा आंकडा एकदां मनांत घोळवून पाहावा.

हें दूरच्या डोंगरांतील दुःख आहे, आपणांस त्याचें काय, असेंही कोणी म्हणेल. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्यासाठीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें केलेली देशव्यापी पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत सुईनें अंमली औषध घेणाऱ्यांची संख्या सुमारें साडेआठ लक्ष धरली आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०१७ सालच्या आंकड्यांप्रमाणें देशांतील सर्व प्रौढांत बाधितांचें प्रमाण शेंकडा ०.२२ होतें, टोंचून घेणाऱ्यांत तें शेंकडा सहाहून अधिक होतें. महाराष्ट्रासही हा विषय नवा नाहीं. मुंबईच्या गल्ल्यांत 'गर्द' हा शब्द कोणी अर्थ विचारावा इतका अपरिचित कधींच उरला नाहीं. फादर जो परेरा यांनीं १९८१ सालीं वांद्रे येथें कृपा फाउंडेशन, आणि डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं पुण्यास मुक्तांगण, हीं व्यसनमुक्तीचीं घरें काढलीं, तीं निष्कारण काढलीं नाहींत.

आतां औषधाची गोष्ट. तींत महाराष्ट्राचा वांटा मोठा आहे. १९९६ च्या सुमारास तीन औषधें एकत्र देण्याची रीत रूढ झाली आणि मरणास टेंकलेले रोगी उठून कामास जाऊं लागले. परंतु एका रोग्याच्या एका वर्षाच्या औषधास तेव्हां दहा हजार डॉलरांहून अधिक पडत. २००१ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या सिप्ला कंपनीनें तींच औषधें वर्षास ३५० डॉलरांत 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या सेवासंस्थेस देऊं केलीं, आणि गरीब देशांस प्रथमच आशा दिसली. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनें, महाराष्ट्र व मणिपूर धरून, अधिक प्रादुर्भाव असलेल्या राज्यांत हीं औषधें फुकट देण्यास आरंभ केला. २०१७ पासून तर बाधा आढळली कीं औषध सुरू करावें, रोगी खंगेपर्यंत थांबूं नये, असें धोरण आहे. आज बहुतेक रोग्यांस दिवसास एकच गोळी पुरते. जो ती नेमानें घेतो, त्याच्या रक्तांतील विषाणु इतका दबतो कीं तपासणींतही सांपडत नाहीं. असा मनुष्य जवळजवळ पूर्ण आयुष्य जगतो, आणि शरीरसंबंधांतून त्याच्या पत्नीस बाधा होत नाहीं. त्या शेंकडा ४५ स्त्रियांस जें लाभलें नाहीं, तें आज एका गोळीनें लाभूं शकतें.

मग अडतें कोठें? या प्रश्नाचें उत्तर औषधाच्या कपाटांत नाहीं, रोग्याच्या दिवसांत आहे. अफूच्या जातीच्या औषधाची ज्यास संवय जडली, त्याची सकाळ आपल्या सकाळीसारखी नसते. रात्रीचा अंमल उतरला कीं अंग मोडून येतें, नाकडोळे वाहतात, पोटांत कळा येतात, हातपाय थरथरतात. यासच मुंबईकडे 'टर्की' म्हणतात. त्या वेळीं त्यास एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे पुढची मात्रा. इकडे रुग्णालयाची खिडकी सकाळीं ठरल्या वेळीं उघडते आणि दुपारीं बंद होते. रांग लांब, केसपेपर काढा, रक्त द्या, समुपदेशकास भेटा, अहवालास परवां या. निरोगी मनुष्यही जेथें कंटाळतो, तेथें हा तीन तास उभा राहील अशी अपेक्षा करणें म्हणजे पांगळ्यास जिना दाखविण्यासारखें आहे.

दुसरी अडचण दारांची. त्याचें दुखणें एकच नसतें. त्याच सुईनें यकृतदाह क, म्हणजे हिपॅटायटिस सी, आलेला असतो. दुर्बळ शरीरांत क्षय शिरलेला असतो. आणि व्यसन हें तर मूळ दुखणें. एच.आय.व्ही.चें औषध एका इमारतींत, क्षयाचें दुसऱ्या, व्यसनाचें तिसऱ्या, यकृताचें चौथ्या. शिवाय एक वैद्य काय देतो हें दुसऱ्यास ठाऊक नसेल तर निराळाच घोंटाळा होतो. क्षयावरील रिफॅम्पिसिन हें औषध मेथाडोनसारख्या औषधाचा अंमल कमी करतें. रोग्यास पुन्हां 'टर्की' येऊं लागते. तो समजतो कीं क्षयाचें औषध आपणांस सोसत नाहीं, आणि तें टाकून देतो. त्याच्या नांवापुढें 'औषध सोडलें' असा शेरा पडतो. खरें पाहतां येथें दोष दोन कपाटांमधील भिंतीचा असतो.

तिसरी अडचण भयाची. पोलिसांचें भय, घरमालकाचें भय, आणि पांढऱ्या डगल्यांतील माणसाच्या एका तिरक्या दृष्टीचें भय. स्त्रियांच्या बाबतींत हें भय दुप्पट आहे. टोंचून घेणाऱ्या स्त्रीस तिचें माहेर आणि सासर दोन्ही दारें लावून घेतात, म्हणून ती सर्वांत शेवटीं औषधाकडे येते. आणि कधीं कधीं खरीखुरी वाटच बंद होते. २०२३ च्या मे महिन्यांत मणिपुरांत जो हिंसाचार उसळला, त्यानें इंफाळचें खोरें आणि भोंवतालचे डोंगर यांमधील येणेंजाणें तुटलें व हजारों लोक छावण्यांत गेले. ज्याच्या औषधास एक दिवसही खंड पडूं नये, त्यानें अशा वेळीं काय करावें?

परंतु या सर्वांहून मोठी अडचण एका वाक्याची आहे: 'आधीं व्यसन सोड, मग औषध देऊं.' हें वाक्य वैद्यांनीं उच्चारलें आहे, आप्तांनीं उच्चारलें आहे, आणि तें वरवर फार शहाणपणाचें दिसतें. नीट विचार केला तर त्याचा अर्थ इतकाच होतो, कीं तापानें फणफणलेल्यानें आधीं ताप उतरवावा, मग त्यास दवाखान्यांत घेऊं. व्यसन हा एक दीर्घ आजार आहे; तो उलटतो, पुन्हां बरा होतो, पुन्हां उलटतो. त्याच्या बरें होण्याची वाट पाहत विषाणु थांबत नाहीं. टोंचून घेणारा मनुष्य गोळ्या नेमानें घेणार नाहीं हा समजही अनुभवास उतरलेला नाहीं. त्यास योग्य आधार मिळाला कीं तो त्या घेतो.

तो आधार म्हणजे काय? त्याचा पहिला भाग म्हणजे पर्यायी औषध. बुप्रेनॉर्फिनची गोळी केंद्रांत रोज जिभेखालीं ठेवावयास देतात. मेथाडोन प्यावयास देतात. त्यानें 'टर्की' थांबते, सुईची ओढ कमी होते, आणि मनुष्याचे हात कामास व डोकें विचारास मोकळें होतें. असा उपचार घेणाऱ्यांत नवी एच.आय.व्ही. बाधा होण्याचा धोका सुमारें निम्म्यानें घटतो, असें अनेक देशांतील पाहण्यांवरून दिसून आलें आहे. आणि ज्यांस आधींच बाधा आहे ते आपलें औषध अधिक नेमानें घेतात. २००७ नंतर आपल्या सरकारी एड्स कार्यक्रमांत या उपचारास स्थान मिळालें. २०२० च्या टाळेबंदींत रोजचें येणें अशक्य झालें, तेव्हां कांहीं दिवसांच्या गोळ्या घरीं नेण्याची मोकळीक देण्यांत आली. वाट रुंद करावयाची ठरविली तर ती रुंद होते, हें त्या संकटानें दाखविलें.

आधाराचा दुसरा भाग म्हणजे सोबती. याविषयींचा एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. इंडोनेशिया, युक्रेन आणि व्हिएटनाम या तीन देशांत, टोंचून घेणाऱ्या सुमारें पांचशें बाधितांस घेऊन तो करण्यांत आला; त्याचा निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. कांहींस नेहमींची व्यवस्था दिली. बाकीच्यांस तिच्या जोडीस एक वाटाड्या दिला: कोणत्या खिडकीवर जावें हें सांगणारा, कागदपत्रांस मदत करणारा, भेटीचा दिवस आठवणीनें कळविणारा, प्रसंगीं बरोबर जाणारा; आणि मनाचें ओझें हलकें करण्यास एक समुपदेशक. नवीन औषध कांहींच दिलें नाहीं. एका वर्षानें पाहतां, वाटाड्या मिळालेल्यांत औषध घेणाऱ्यांचें आणि विषाणु दबलेल्यांचें प्रमाण दुसऱ्यांच्या सुमारें पावणेदोनपट होतें, आणि मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आले होते. बंधुभगिनींनो, बरोबर चालणाऱ्या एका माणसानें निम्मीं मरणें टळतात! दुसरें कोणतें औषध इतकें स्वस्त आहे?

तिसरा भाग म्हणजे एक दार. भारतांतील पहिल्या एच.आय.व्ही. बाधा १९८६ सालीं चेन्नईंत उजेडांत आणणाऱ्या डॉ. सुनीति सोलोमन यांनीं स्थापिलेल्या वाय.आर.जी. केअर या संस्थेनें पुढें अमेरिकन संशोधकांच्या साहाय्यानें, ईशान्येकडील शहरें धरून, देशांतील अनेक शहरांत एक प्रयोग केला. तपासणी, सल्ला, स्वच्छ सुई, पर्यायी औषध आणि एच.आय.व्ही.च्या उपचाराची जोडणी हीं सर्व एकाच छताखालीं आणलीं. जेथें लोक अशा केंद्रांत खरोखर येत राहिले, तेथें तपासणी वाढली. जेथें ते थोडे आले, तेथें लाभही थोडाच दिसला. यावरून धडा असा घ्यावयाचा कीं, दार एक करणें अवश्य आहे, पण तेवढ्यानें भागत नाहीं. त्या दारापर्यंत हात धरून नेणारें कोणीतरी पाहिजे.

कायदाही आज या कामाच्या आड नाहीं, उलट पाठीशीं आहे. २०१७ सालीं संमत झालेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आलेला एच.आय.व्ही. व एड्सविषयक कायदा बाधितास नोकरींत, शाळेंत वा रुग्णालयांत भेदानें वागविण्यास मनाई करतो. त्याच्या संमतीशिवाय तपासणी करण्यास किंवा त्याची स्थिति उघड करण्यास प्रतिबंध करतो. आणि धोका कमी करण्याच्या उपायांस संरक्षण देतो.

या शेवटच्या उपायांत स्वच्छ सुई वांटण्याचाही समावेश होतो, आणि येथें आपल्यांपैकीं कित्येकांच्या मनास टोंचणी लागेल. मणिपुरानें १९९६ सालींच अशा उपायांस आपल्या राज्याच्या धोरणांत स्थान दिलें. ख्रिस्तसभेंत मात्र या प्रश्नाच्या जवळपासच्या गोष्टींवर मतभेद झालेले आहेत. सिडनी येथें १९९९ सालीं धर्मभगिनींनीं देखरेखीखालीं टोंचून घेण्याचें केंद्र चालविण्याचें पत्करलें होतें. रोमच्या आदेशावरून त्यांस माघार घ्यावी लागली, आणि २००१ सालीं तें केंद्र दुसऱ्या एका ख्रिस्ती पंथानें उघडलें. आमचें मत असें, कीं स्वच्छ सुई देणारा हात व्यसनास संमति देत नाहीं. तो मनुष्य उद्यां जिवंत राहावा एवढेंच मागतो, कारण मेलेला मनुष्य व्यसन सोडूं शकत नाहीं. कोणास हें पटणार नाहीं, तर त्यांच्याशीं आमचें भांडण नाहीं. परंतु बाधितास औषधापर्यंत पोहोंचविणें यांत कोणता मतभेद संभवतो? भारताच्या कॅथलिक महागुरूंच्या परिषदेनें २००५ सालीं एच.आय.व्ही.विषयक आपलें धोरण जाहीर केलें, त्याचा पायाच करुणा आणि शुश्रूषा हा आहे.

आतां आपण काय करावें, हें सांगून आम्ही आटोपतें घेतों. पहिली गोष्ट, गुप्तता. लहान गांवांत बातमी घंटेच्या नादाहून लवकर पसरते. कोणाचें दुखणें कानीं आलें तर तें तेथेंच थांबावें. जो आपणांवर विश्वासून बोलला, त्याचें नांव विहिरीवर वा बाजारांत निघालें, तर तो औषधाच्या वाटेवर पुन्हां पाऊल टाकणार नाहीं.

दुसरी गोष्ट, सोबत. प्रत्येक धर्मग्रामांतून दोन पुरुष व दोन स्त्रिया जरी अशा निघाल्या, कीं ज्या महिन्यांतून एकदोन सकाळी कोणाबरोबर सरकारी केंद्रांत जातील, रांगेंत त्याच्या जागीं उभ्या राहतील, गाडीभाडें देतील आणि त्याची फाईल जपून ठेवतील, तर पुष्कळ होईल. यास वैद्यकीचें शिक्षण लागत नाहीं. केंद्र कोठें आहे हें ठाऊक नसेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स दूरध्वनि फुकट आहे, तेथें विचारावें.

तिसरी गोष्ट, पत्नीची आठवण. नवऱ्याच्या दुखण्यांत तिची तपासणी राहून जाते, आणि नवऱ्याच्या मागें तिचें घरही जातें. तिच्या तपासणीची, मुलांच्या शाळेची आणि तिच्या हक्काच्या छपराची चौकशी स्त्रियांच्या मंडळांनीं आपलें काम समजून करावी.

चौथी गोष्ट, आणि ही सर्वांत कठीण, दार उघडें ठेवणें. व्यसनी मनुष्य पुन्हां घसरेल. कदाचित् तीनदां, कदाचित् सातदां. प्रत्येक वेळीं आपला राग न्याय्यच असेल. परंतु तो राग व्यसनावर काढावा, औषधावर नव्हे. तो घसरला असतांही त्याची गोळी चालू राहिली पाहिजे, आणि केंद्रांत जावयाचा दिवस चुकतां कामा नये. भल्या शोमरोनी मनुष्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. त्यानें जखमेवर तेल घातलें एवढेंच आपणांस आठवतें. परंतु त्यानें त्या जखमी माणसास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेपर्यंत नेलें, तेथील खर्च भरला, आणि परत येईन तेव्हां उरलेलें देईन असें वचन दिलें. तो वाटेवर कसा व कां पडला, हें मात्र विचारलें नाहीं. तेल आज सरकार देत आहे. जनावर, उतारशाळा आणि परत येण्याचें वचन हें आपणांकडून यावयाचें आहे.

पुढच्या महोत्सवास जे या मंडपांत बसतील, त्यांच्यांत आज औषधाविना मरूं घातलेला एकादा मुलगा पोक्त होऊन आपल्या मुलाबाळांसह बसलेला असावा, आणि तो कोण हें कोणासही ठाऊक नसावें, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.